मगदूम सर आणि भिंतीला खिळे ठोकणारा भाडेकरू

समस्त वाचकांना, ग्रामस्थांना, ऊस उत्पादकांना आणि विशेषतः नुकत्याच जेवून उठलेल्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या पोटात आपण एकटे राहत नाही. तिथे अगणित भाडेकरू आहेत. त्यांनी आपल्याशी कसलाही करार केलेला नाही, आपण त्यांची कसलीही चौकशी केलेली नाही, आणि त्यांतले काही जण या क्षणी आत काय करत आहेत याची आपल्याला सुतराम कल्पना नाही. ही सूचना वाचून कोणाच्या पोटात गुडगुडलं तर त्यांनी घाबरून जाऊ नये. आपली चर्चा चालली आहे हे ऐकून भाडेकरू जागे झाले असावेत.

रिक्षावर भोंगा बांधून ही सूचना इस्लामपूरभर फिरवायची माझी तयारी होती. पण ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो, ते भूपाल मगदूम सर लगेच म्हणाले असते, "माने, 'जागे झाले असावेत' याला पुरावा काय?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मगदूम सर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मधे एक दरवाजा होता, आणि त्या दरवाजातून रोज संध्याकाळी पाच वाजता सर हातात डबा घेऊन माझ्याकडे यायचे. कारण दोन. एक, सर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणारे. दुसरं, त्यांच्या प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला सक्त बंदी, आणि ती त्यांनीच घातलेली. मग माझ्या आम्लांच्या बाटल्या बाजूला सरकवून सर वर्तमानपत्र अंथरायचे, डबा उघडायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडे सगळं मेलेलं असतं हो माने. निवांत जेवता येतं."

मूर्ती ठेंगणी, गोल, गोरी. शर्टाचं बटण गळ्यापर्यंत. गालांवर कायम नुकतीच पुरणपोळी खाल्ल्याची तकाकी. बोलणं हळू आणि इतकं नेमकं, की शिपायालासुद्धा "खिडकी बंद करा" न म्हणता "डावीकडून दुसरी खिडकी बंद करा" असं सांगायचे. हात धुताना मनातल्या मनात दोनदा णमोकार मंत्र म्हणायचे, कारण तेवढ्या वेळात साबण आपलं काम पुरं करतो असं त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. त्यामुळे आमच्या कॉलेजात एक गंमत झाली. वाळवा तालुक्यातल्या मराठा, धनगर, मुसलमान अशा सगळ्या घरांतली पोरं-पोरी बी.एस्सी. होऊन बाहेर पडताना पदवीबरोबर णमोकार मंत्रही पाठ करून जायची.

आता जैन माणूस आणि जंतूंचा धंदा, हे जमायचं कसं? हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारला, कारण खोड्या काढणं हा माझा स्थायीभाव. बटाटा खायचा नाही, कारण जमिनीखालच्या कंदात असंख्य जीव. आणि दर शनिवारी, जंतू वाढवायच्या जुन्या बश्यांमधले कोट्यवधी जीव प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरमध्ये घालून वाफेवर शिजवून मारायचे! सर रागावले नाहीत. मला शनिवारी बोलावलं. बश्या कुकरमध्ये रचल्या, झाकणाचे नट आवळले, आणि बटण दाबायच्या आधी हात जोडून क्षणभर उभे राहिले. पोरी मागे खुसखुसत होत्या.

"मारतोय हे खरं आहे," सर म्हणाले. "पण काय मारतोय ते न बघता मारू नये, एवढं पाळतो."

बस्तीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरातल्या, पंचांना मात्र त्यांचा मोठा अभिमान. एकदा त्यांनी सरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय असा, की आपल्या शास्त्रांत सांगितलेले सूक्ष्म जीव म्हणजेच आजचे बॅक्टेरिया. सरांनी नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. "शास्त्रातले जीव वेगळे, माझ्या बशीतले वेगळे. दोन्हीकडे 'सूक्ष्म' हा शब्द आहे. तेवढ्यावरून 'म्हणून' म्हणता येत नाही." हा 'म्हणून' त्यांचा मोठा शत्रू. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत तो दिसला की त्याच्याभोवती लाल गोल आणि बाजूला बारीक अक्षरात: 'कुठून आणला?'

पोटातल्या जंतूंवर सर बोलायला लागले, की माझ्यासारखा भाजलेल्या शेंगा खात बसलेला माणूसही शेंगा फोडायचा थांबे. त्यांचं म्हणणं असं. आतड्यातले बहुतेक भाडेकरू सज्जन. काही तर आपल्याला जीवनसत्त्वं करून देतात. पण त्यांच्यात काही विष तयार करणारे असतात. ई. कोलाय हा अगदी घरोघरचा जंतू, पण त्याच्या एका जातीजवळ एक जास्तीचा कारखाना असतो. त्यातून जे विष निघतं ते आतड्याच्या पेशीत शिरतं आणि थेट तिच्या डीएनएला डसतं.

"म्हणजे असं बघा," सर म्हणायचे, "हा भाडेकरू मारामारी करत नाही, दंगा करत नाही. फक्त येता-जाता भिंतीला खिळा ठोकतो. घरमालक खिळा काढतो, भोक बुजवतो. तो पुन्हा ठोकतो. वीस वर्षं, तीस वर्षं. बुजवणाऱ्याच्या हातून एखाद्या दिवशी चूक होते. त्या चुकीचं नाव कॅन्सर."

"आणि भाडेकरूला हाकललं तर?"

"भोकं राहतात. काही गाठींच्या डीएनएमध्ये ती विशिष्ट भोकं दिसतात. भाडेकरू निघून गेला असला, तरी इथे कोण राहत होतं ते भिंत सांगते."

मग डब्यातली भाकरी मोडत, त्याच संथ सुरात, "दुसराही एक आहे. तो पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा सांधाच तोडतो. मग भिंत सुजते आणि सुजलेलीच राहते. वाटाणा घ्या की, माने."

या ज्ञानाचा पहिला प्रत्यक्ष उपयोग आमच्या प्राचार्यांना झाला. प्राचार्यांची दाढ सुजली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. प्राचार्यांना त्या इतक्या मानवल्या, की त्यांनी मेडिकलवाल्याला कागद दाखवून आपल्या अधिकारात आणखी दोन आठवडे वाढवून घेतल्या. नंतर जुलाब सुरू झाले. ते थांबवायच्या गोळ्याही त्यांनी आपल्याच अधिकारात घेतल्या. स्नेहसंमेलनाचा बक्षीस समारंभ चालू होता. प्राचार्य 'आदर्श विद्यार्थिनी' असं म्हणाले, थांबले, ढाल माझ्या हातात दिली आणि मंचावरून जे निघाले, ते थेट मागच्या संडासात. टाळ्या मात्र चालू राहिल्या.

मगदूम सर पाठोपाठ गेले. बंद दारापाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "सर, दाढेसाठी कोणतं औषध घेतलं होतं?"

आतून आवाज, "मगदूम, ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे. जुलाब थांबवायची गोळी आता घेऊ नका. विष आत कोंडून राहील. मी डॉक्टर नाही. पण सांगलीला चला आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणा, विषाची तपासणी करा."

सांगलीत तपासणी झाली आणि निघालं तेच. दाढेच्या औषधानं सज्जन भाडेकरू मेले होते, आणि एरवी कोपऱ्यात कवच घालून झोपलेला एक जंतू रिकामं घर बघून उठला होता. प्राचार्य दहा-बारा दिवस पडून होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आतडं गेलं असतं. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये सरांनी हा सगळा प्रकार फळ्यावर आकृती काढून समजावला आणि शेवटी अत्यंत मनापासून प्राचार्यांच्या शैक्षणिक योगदानाबद्दल आभार मानले. प्राचार्यांना हसावं की मेमो द्यावा, ते आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मग सरांच्या डोक्यात आलं, की खिळे ठोकणारा भाडेकरू आपल्या भागात कितपत आहे ते विद्यार्थ्यांना दाखवावं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत होती, तिच्याकडे जनुक ओळखायचं यंत्र होतं. सरांनी स्टाफरूमच्या फळ्यावर नोटीस लावली: 'इच्छुकांनी आपला शौचाचा नमुना सोबतच्या डबीत, हरभऱ्याएवढा, सोमवारी सकाळी जमा करावा.' त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. तरी एकोणीस नमुने आले. त्यात माझा होता की नाही, हे मी मरेपर्यंत सांगणार नाही.

सरांच्या धाकट्या भावाचा मात्र होता. बाबगोंडा, म्हणजे बाबू. नदीकाठच्या गावात ऊस करणारा, सहा फुटी, मिशाळ, मोठ्यानं बोलणारा. भावावर त्याचा इतका जीव, की हरभऱ्याएवढा मागितला होता तर यानं लोणच्याची बरणी भरून पाठवली. वर निरोप: "दादा, कमी पडलं तर सांगा, लाजू नका."

नमुने बर्फाच्या थर्माकोल खोक्यात घालून आम्ही दोघं साताऱ्याच्या एसटीत बसलो. खोकं सरांच्या मांडीवर. पेठ नाका गेल्यावर कंडक्टर आला.

"मास्तर, खोक्यात काय हाय? मासळी न्हाई न्हवं?"

"नाही. शी आहे."

"आँ?"

"माणसांची. एकोणीस जणांची. तिहेरी बंद केलेली आहे, सांडणार नाही. यातली एक माझी आहे," सर आश्वासक सुरात म्हणाले.

आमच्या पुढची दोन बाकडी रिकामी झाली. मागची झाली. एक बाई नाकाला पदर लावून ड्रायव्हरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर तिकिटाचं यंत्र छातीशी धरून म्हणाला, "आवं, धडधडीत काय सांगताय! औषध हाय म्हणायचं की!"

"तुम्ही विचारलंत," सर म्हणाले.

एकच म्हातारा जागचा हलला नाही. पेन्शनर फौजी होता. तो उलट पुढे सरकला आणि म्हणाला, "मास्तर, माजीबी घिऊन जावा. सा म्हैनं झालं, पोटात कळ येतीया." सरांनी कराडपर्यंत त्याला काय काय होतं ते विचारलं, वहीतलं पान फाडून त्यावर सांगलीच्या सरकारी दवाखान्याचा कोणता विभाग ते लिहून दिलं, आणि वर बजावलं, "मूळव्याध असेल असं कोणी म्हटलं, तर विचारा, बघितलंत का? न बघता म्हणू देऊ नका."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. पुढचं सगळं सांगताना ते मला सारखं टोचतं.

निकाल आले. विषाचा कारखाना असलेला जंतू थोड्या जणांत सापडला. त्यांत सर होते, आणि बाबूही. बाबू खुश. "आसणारच! एका ताटात जेवलोय आमी." सरांनी त्याला समजावलं, की हा जंतू पुष्कळ धडधाकट माणसांतही असतो, असला म्हणजे रोग होतोच असं नाही, पण चाळिशी उलटली आहे, तेव्हा कधी रक्त दिसलं, पोटाची सवय बदलली, तर दुर्बिणीनं तपासून घ्यायचं. दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर बाबूनं दोन्ही हात मागे नेऊन विजारीचं रक्षण केलं. "दादा, गावात तोंड दाखवायचं हाय मला!"

त्यानंतर साधारण दीड वर्षानं सरांचा डबा अर्धा परत जायला लागला. गालांवरची तकाकी गेली. गळ्याचं बटण लावलं, तरी आत दोन बोटं जातील एवढी जागा राहू लागली. मी विचारलं, तर म्हणाले, "भादव्याची तयारी."

भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस असतात. त्या वर्षी सरांनी दहाही दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर काढले, तेही दिवसा एकदाच. यापूर्वी ते एकवेळ जेवून पर्व पाळायचे. एवढा कडक उपास पहिल्यांदाच. अकराव्या दिवशी बस्तीतून त्यांची मिरवणूक निघाली. फुलांनी मढवलेली उघडी जीप, पुढे बँड, बँडपुढे बाबू फेटा उडवत नाचतोय, आणि जीपमध्ये शाल पांघरलेले, कागदासारखे पांढरे मगदूम सर. बाया ओवाळत होत्या, म्हातारी माणसं पाया पडत होती. सत्काराच्या सभेत पंच बोलले, प्राचार्य बोलले, आणि मला बोलण्याचा आग्रह झाला. मला आग्रह लागतो कशाला? मी मंचावर चढलो आणि हात पसरून म्हणालो, "बघा, मंडळी, तपश्चर्येचं तेज! माणूस आतून उजळून निघालाय!"

टाळ्या कडकडल्या. शरीरातलं रक्त संपत आलेल्या माणसाच्या पांढऱ्या फटक चेहऱ्याला मी तेज म्हणालो होतो.

उपास सुटल्यावर पाचव्या दिवशी सर प्रयोगशाळेत बश्यांचा ट्रे उचलताना खाली कोसळले. आम्ही त्यांना सांगलीला नेलं. दुर्बीण झाली, स्कॅन झाला. मोठ्या आतड्यात गाठ, आणि यकृतात तिची पिल्लं. तरुण सर्जन आमच्याकडे न बघता रिपोर्टाकडे बघून बोलला. तेव्हा कळलं, की होळीपासून सरांना रक्त पडत होतं. बायकोला, म्हणजे कुसुमवहिनींना, त्यांनी मूळव्याध असं सांगितलं होतं आणि कुठलंसं चूर्ण घेत होते.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साऱ्या जगाची शी तपासली तुम्ही. स्वतःची एक दिवस बघवली नाही."

सरांनी मान हलवली. मग मला जवळ बोलावून, कोणी अवघड प्रयोग समजावून सांगावा तसं सांगितलं. "उपासाच्या आधी रक्त रोज होतं, माने. मला भीती वाटत होती. उपास सुरू केला आणि चौथ्या दिवसापासून रक्त बंद. दहाव्या दिवसापर्यंत बंद. मी काय समजलो, की उपासानं बरं झालं. पोटात अन्न नाही, तर शी नाही. शी नाही, तर रक्त दिसणार कुठून? मी नमुनाच घेतला नाही आणि निगेटिव्ह लिहून मोकळा झालो. एफ.वाय.च्या पोरानं हे केलं असतं, तर त्याला मी पुन्हा बसवलं असतं."

"सर, तो जंतू... त्यामुळेच ना?"

एवढ्या अवस्थेतही त्यांच्या चेहऱ्यावर तो लाल पेनवाला भाव आला. "माझ्या पोटात तो होता. मला कॅन्सर झाला. ही दोन वाक्यं आहेत. मधलं 'म्हणून' सिद्ध व्हायला माझी एक गाठ पुरत नाही."

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत सर कॉलेजात यायचे. सांगलीहून त्यांनी आपल्याच गाठीची काच मागून आणली होती. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि एकेकाला बघायला बोलावलं. मी दरवाजात उभा होतो. "डावीकडे बघा, पेशी कशा ओळीत उभ्या आहेत. प्रत्येकीला आपली जागा माहीत आहे. आता उजवीकडे सरका. इथून पुढे कोणालाच काही माहीत नाही."

एका मुलीनं नळीवरून डोळा काढून विचारलं, "सर, हा पेशंट जिवंत आहे?"

"सध्या शिकवतोय," सर म्हणाले. "पुढच्या रांगेनं या."

मुलीला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती बाकावर बसली आणि तास संपेपर्यंत तिनं वहीत काहीच लिहिलं नाही.

स्वतःबद्दल सरांनी आशा लवकर सोडली. ते हिशेबी माणूस, आकडे त्यांना वाचता येत होते. पण बाबूच्या बाबतीत मात्र ते हट्टाला पेटले. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं: सख्ख्या भावाची दुर्बीण झालीच पाहिजे, आणि लवकर. गाठ व्हायच्या आधी आत बारीक कोंब असतो, तो तिथल्या तिथे काढता येतो. माणूस संध्याकाळी घरी जातो. सरांनी हे बाबूला सांगितलं. चित्र काढून सांगितलं. वहिनींकडून सांगितलं. मग मला पाठवलं.

मी उसाच्या बांधावर जाऊन बाबूला गाठलं. तो उसाचं वाळकं पाचट ओढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माने सर, मला काय धाड भरलीया? दगड पचवतोय मी."

"तुझा दादाही हेच म्हणत होता."

"दादा पुस्तकात बसून आजारी पडला. आमी उन्हात असतोय. आन् हे बगा, आज घरात एक माणूस आजारी हाय, त्येचं करायचं का सगळ्यांनी टेबलावर उताणं पडायचं?"

"उताणं नाही, कुशीवर झोपवतात," मी म्हणालो. मला वाटलं हसेल. हसला नाही. उलट पाठ फिरवून पाचटाचा भारा उगाचच दोनदा बांधला. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण मी माझ्याच विनोदावर खूश होऊन परत आलो.

दर केमोला जीप चालवत बाबूच यायचा. तासन्‌तास दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहायचा, बसायचा नाही. सर सलाइन लावलेल्या हातानं त्याला खूण करून बोलवायचे आणि म्हणायचे, "बाबू, आलोच आहोत तर वर तिसऱ्या मजल्यावर नाव घालून ये." बाबू म्हणायचा, "पुढल्या खेपंला, दादा." अशा सात खेपा झाल्या. आठवीला डॉक्टरांनीच सांगितलं, आता आणू नका.

शेवटचं मी सरांना पाहिलं ते त्यांच्या घरी, इस्लामपुरातल्या पुढच्या खोलीत. दुपारचे चार वाजले असतील. खिडकीपाशी कॉट लावली होती. सर इतके लहान झाले होते, की चादरीखाली कोणीतरी नुसती वळकटी ठेवावी तसे दिसत होते. डोळे मात्र तेच. बस्तीचे पंच आले होते, शेजारपाजारची माणसं दाटीनं उभी होती. सरांनी आठवडाभर अन्न घेतलं नव्हतं, आणि ही बातमी पसरली होती.

वयस्क पंचांनी हात जोडून अगदी हळू विचारलं, "सर, अन्नपाणी सोडायचं शेवटचं व्रत घ्यायचा विचार केलाय का? समाजाला मोठं भूषण होईल."

"अन्न उतरत नाही म्हणून खात नाही," सर म्हणाले. एकेका शब्दाला दम लागत होता. "याला व्रत म्हणू नका. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, आणि मीही म्हणालो."

पंचांनी नजर खाली वळवली. मीही खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण त्या मागच्या खेपेला सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणालं होतं ते मला ठाऊक होतं. पण माणसं कुठली ऐकतात! एकेक जण पुढे होऊन सरांच्या पायांवर डोकं ठेवू लागला. सर पाय आत ओढून घ्यायचा प्रयत्न करत होते, ते त्यांच्यानं होत नव्हतं. वहिनी डोक्याशी बसून ओल्या कापसानं त्यांचे ओठ टिपत होत्या.

रांगेत शेवटी बाबू आला. तो एवढा धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसला, भावाच्या पावलांवर कपाळ टेकलं आणि उठेचना. आम्हाला वाटलं रडतोय. दोघांनी त्याच्या खांद्याला धरलं. त्यानं मान वर केली नाही. तसाच, पावलांमध्ये तोंड खुपसून, भरल्या खोलीत बोलला, "दादा, मलाबी पडतंय. रगात. दिवाळीपासनं. तुमच्या आजारात कुठं सांगू म्हनून..."

वहिनींच्या हातातला कापूस खाली पडला.

आणि मग मगदूम सर, ज्यांना गेल्या चार दिवसांत कूस बदलता आली नव्हती, ते दोन्ही कोपरांवर उठले. कसे उठले, मला विचारू नका. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळे बाहेर आले होते, आणि आयुष्यात कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, पंचांसमोर, प्राध्यापकासमोर, आपल्या गावच्या बोलीत ते ओरडले:

"आरं गाढवा, मग हितं माझं पाय धरून काय बसलायस? ऊठ की! सांगलीची गाडी धर!"